मायच्या हातचं

दादाचं पत्र आलं की पोस्टमन ते घरात न आणता आधी चक्कीवर न्यायचा. बाबा दिवसभर तिथं असत आणि दळणाचे डबे घेऊन आलेलं निम्मं गावही तिथंच असे. पिंपळगाव राजापासून आमचं गाव पायी अर्ध्या तासावर. गावातली पिठाची चक्की एकच, ती आमची, घराच्या ओसरीला लागून. सकाळी इंजिन सुरू झालं की भिंतीवरचे देवांचे फोटो थरथरायला लागत आणि दुपारी ते बंद झालं की घर अचानक मोठं झाल्यासारखं वाटे. बाबांच्या भुवया आणि पापण्या कायम पिठानं पांढऱ्या. पत्र आलं की ते हात झटकत, पाकीट उजेडाकडे धरून पाहत आणि मला हाक मारत. त्यांना थोडंफार वाचता येई, पण दादाचं अक्षर लागत नसे. मायला तर अक्षरओळखच नव्हती. मी दहावीत होते, त्यामुळे दादाची पत्रं वाचणं आणि मायची उत्तरं लिहिणं ही दोन्ही कामं माझी. माय चुलीजवळून उठून पदराला हात पुसत दारात येऊन बसायची. पत्र संपलं की म्हणायची, "अजून एक डाव वाच. या खेपी इंजिन बंद करून." मग दळणवाल्या बायकाही गप्प बसून ऐकत. आमच्या गावातून फौजेत गेलेला दादा तेव्हा एकटाच होता.

तो कुठं होता ते त्याला लिहिता येत नव्हतं. पत्त्यात गाव नसे, नुसते आकडे. एवढंच कळलं होतं की तो फार उंचावर, बर्फात आहे, तिथं झाड नाही की पाखरू नाही, आणि दिवाळीनंतर रस्ता बंद झाला की उन्हाळ्यापर्यंत माणसाला खाली येता येत नाही, पत्रांची थैली तेवढी कशीबशी वर-खाली होत राहते. मायला बर्फ म्हणजे नांदुऱ्याच्या स्टेशनबाहेर गोळेवाला खिसतो तेवढाच ठाऊक. ती विचारायची, "त्या बर्फावर हे पोट्टे निजतेत कसे?" एका पत्रात दादानं लिहिलं होतं की इथं भूक लागत नाही आणि जिभेला चव कळत नाही, डाळ काय अन् पाणी काय, सारखंच. त्याच पत्रात त्याच्याबरोबरच्या एका पंजाबी पोराची हकीकत होती. त्या पोराचा बाप वारल्याची तार आली, पण त्याला खाली आणायला काही साधन नव्हतं. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे न घालता तंबूबाहेर जाऊन बसला. त्याच्या हाताची चार बोटं गेली. हे मी वाचलं तेव्हा माय म्हणाली, "मंग त्याची माय काय करत असंन व?" बाबा उठून इंजिन सुरू करायला गेले. पण ती हकीकत त्यांच्या मनात रुतून बसली होती, हे मला पुढं कळलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दादाचं पत्र आलं की काही पाठवायचं असेल तर दिवाळी झाल्या झाल्या टाका, उशीर झाला तर पार्सल खालीच पडून राहील. आणि लिहिलं होतं, मायला म्हणावं लसणाची चटणी पाठव. एवढं एकच मागणं. त्या चटणीनं तरी जीभ जागी होते का पाहतो.

माय लगेच तयारीला लागली. पण तिनं आधी केले ते मेथीचे लाडू. दादानं ते मागितले नव्हते. लहानपणापासून त्याला मेथीचा लाडू म्हटलं की तोंड वाकडं करायची सवय. थंडीत रोज सकाळी माय त्याच्या हातावर लाडू ठेवायची आणि तो तिची पाठ फिरली की गोठ्यात जाऊन बैलाला चारायचा. तरी ती म्हणाली, "चटणी आखरीले करता येते, ते काय एका दिवसाचं काम. लाडू आधी. मेथी हाडाले धरते, अन् तो त बर्फात हाय." तिनं मेथी तुपात भिजवली, बाबांकडून गहू जाडसर दळून घेतले, खारीक कुटली, डिंक तळला. दोन दिवस घरात कडवट-गोड वास भरून राहिला होता. लाडू वळताना ती मला हात लावू देत नव्हती. "तुहे हात गार हायेत," म्हणायची. गरम गरम मिश्रणात तिचे हात लालबुंद होत आणि ती मधेच फुंकर मारून पुन्हा वळायला घेई. लाडू पत्र्याच्या डब्यात भरून तिनं फळीवर ठेवले आणि त्याच संध्याकाळी तिला ताप आला.

मी आता साठीला आले आहे. उंद्रीला, माझ्या सासरी, शेजाऱ्यांच्या सुनेचा नवरा फौजेत आहे. ती मोबाईल चेहऱ्यासमोर धरून त्याला एकेक पुडा दाखवते, हे पाठवू का, ते पाठवू का, आणि तो तिकडून हसत मान हलवतो. मला कौतुक वाटतं, आणि मी तिथून उठून घरात येते.

तापाला आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. कापूस वेचणीचे दिवस, अंग मोडून येणं सगळ्यांचंच चाललेलं. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. जीपमध्ये घालून खामगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. तिथं दोन दिवस ती नुसती हात हलवत होती, काहीतरी वळत असल्यासारखे, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मी उशाशी होते. बाबा खाली औषध आणायला गेले होते. ते जिन्यानं वर आले तेव्हा त्यांच्या हातात बाटली होती. त्यांनी ती खिडकीत नीट उभी ठेवली आणि मग तिच्याकडे पाहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. घरात पाहुणे होते, चूल बंद होती, भाकरी भावकीतून येत होती. चक्की बंद. तुळतुळीत डोक्याचे बाबा मला अनोळखी वाटत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "शोभा, सुधाकरचं पार्सल परवापर्यंत गेलं पाहिजे. नाही त मंग उन्हाळ्यालेच."

मला वाटलं त्यांचं भान सुटलं आहे. मी म्हटलं, "बाबा, दादाले तार करा लागते ना?"

"तार नाही कराची."

"काऊन?"

"तार गेली त तो येऊन राह्यला का? त्या पोराचं पत्र तूच वाचलं ना मले? चार बोटं गेली त्याची. माह्या घरातलं एक गेलं. दुसरं नाही जाऊ देत मी."

"मंग त्याले कधी सांगाचं?"

"घरी आला का मी सांगतो. माहं मी पाहतो. तू पार्सल कर. अन् चिठ्ठी टाक मायची. तिची पत्रं तूच लिहते ना?"

मी म्हटलं, "ती सांगे तवा मी लिहे."

बाबांनी उठण्यासाठी जमिनीला हात टेकला. मग म्हणाले, "आता न सांगता लिही."

त्या दिवशी ते घरोघर गेले. सुधाकरला कुणी कळवू नका, एवढंच सांगत गेले. सुतकातलं माणूस दारात आलेलं पाहून लोक ओशाळत आणि मान हलवत. पोस्टमनलाही त्यांनी सांगितलं. गाव एरवी कुणाचं काही झाकून ठेवणारं नव्हतं, पण हे त्यांनी ठेवलं. मला तेव्हा तो मोठा आधार वाटला. आज वाटतं, एकानं जरी दोन ओळी लिहून टाकल्या असत्या तर बरं झालं असतं.

लाडू तयार होते. चटणी करायची होती, आणि सुतकात घरच्या चुलीवर काही करता येत नव्हतं. बायका म्हणाल्या, अशात पोराला खायचं पाठवू नये. मी लसूण, खोबरं, तीळ आणि मिरच्या ओच्यात घेऊन रशीदाखालाकडे गेले. खालाचा नवरा गावातला शिंपी, आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. माय आणि ती दुपारच्या एकमेकींकडे बसत, माय गोधडी शिवायची आणि खाला काजं करायची. खालानं माझ्याकडे पाहिलं, ओच्याकडे पाहिलं आणि न विचारता चुलीत काडी सरकवली. म्हणाली, "सूतक तुमारे घर में है, मेरे घर में नै. बैठ."

मी मिरच्या भाजायला घेतल्या. धुरानं दोघींचे डोळे वाहायला लागले, त्यामुळे रडायला सोपं गेलं. खोबरं भाजून झाल्यावर मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. तिचा हात थांबला.

"मरी हुई माँ के नाम से खत लिखेगी?"

"बाबानं सांगतलं."

"तेरे बाप का दिमाग ठिकाने पे नै है आज. मेरा भी नै है. पर बेटी, लडका एक दिन आएगा. तब किस मुँह से बोलेगी उसको?"

"बाबा बोलणार हायेत."

"बाप एक बार बोलेगा," खाला म्हणाली. "खत तो तेरे हाथ के रहेंगे."

तरी तिनंच मला खल दिला, आणि मी दमले तेव्हा उरलेली चटणी तिनं कुटून दिली. मायसारखी होण्यासाठी मी तीनदा चाखून पाहिली. जिऱ्याचं प्रमाण मला आठवत नव्हतं. मायला विचारायला हवं होतं असं मनात आलं आणि मी तशीच बसून राहिले. शेवटी खालाच म्हणाली, "वो जीरा कच्चा डालती थी, भूनती नै थी." म्हणजे माझ्या आईच्या हातची चव मला माहीत नव्हती, तिला माहीत होती.

चिठ्ठी मी खालाच्या ओसरीवर बसून लिहिली. दोन्ही डबे एका लाकडी पेटीत बसवून वरून मांजरपाट घालून शिवले. पत्ता शाईच्या पेन्सिलीनं लिहिला, जीभ लावून लावून, आणि जीभ दोन दिवस निळी राहिली. बाबा आणि मी एसटीनं नांदुऱ्याला गेलो. मोठ्या पोस्टात कारकुनानं टाक्यांवर लाखेचे थेंब पाडून शिक्के मारले. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा बाबांनी मायचं नाव सांगितलं. लाख जळल्याचा वास तिथं भरून होता. आम्ही बाहेर येऊन स्टेशनच्या भिंतीशी उभे राहिलो. एक लांबच लांब मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत बाबा हलले नाहीत.

त्यानंतर मी मायची पत्रं लिहीत गेले. पहिली दोन बरी गेली. कपाशीला बोंडं किती, गाय व्याली, कुणाची सोयरीक जुळली, हे लिहायला माय कशाला लागते. पण तिसऱ्या पत्राला दादाचं उत्तर आलं, ते मी चक्कीवर वाचूच शकले नाही. त्यानं लिहिलं होतं, "माय, तुही तब्येत बरी हाय ना? तीन पत्रांत एकदाबी मले बोल लावला नाही. तू राग करत नाही म्हणजे काहीतरी झालं. खरं सांग."

माय खरंच पत्रातून त्याच्यावर ओरडायची. दाढी केली का, पैसे उडवतो का, बहिणीला दोन ओळी वेगळ्या लिहायला हात मोडतो का. मला ते सुचत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तोंडून गोडच बोल येतात, हे मला तेव्हा कळलं. बाबा म्हणाले, "लिही मंग रागाचं." मी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले. अखेर डोळे मिटून ती दारात पदराला हात पुसत बसली आहे असं धरलं, आणि लिहिलं: 'मले काय धाड भरली? तठी बसून माही चौकशी करते, अन् इकडं बापाले एक वेगळी चिठ्ठी टाकाले होत नाही तुले.' असं पानभर. लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं आणि मला घाम फुटला, इतकी ती त्यात होती. उलट टपाली दादाचं पत्र आलं की आता जिवात जीव आला, सगळ्या पोरांना वाचून दाखवलं, सगळे हसले. मग पुढचं प्रत्येक पत्र मी रागानं भरून लिहू लागले. त्यात मला एक प्रकारचं सुख वाटत होतं, हेही इथं लिहून ठेवते. पत्र लिहीत असे तेवढा वेळ ती घरात असे.

चैत्रात दादा न कळवता आला. दुपारी अकरा-साडेअकरा झाले असतील. मी ओसरीत गहू निवडत होते. काळ्या पडलेल्या चेहऱ्याचा, गालांवरची कातडी सोललेला एक माणूस डोक्यावर ट्रंक घेऊन फाटकातून आला आणि मला हसला. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि घरात डोकावून हाक मारली, "माय, ओ माय." मी उठून उभी राहिले, सूप हातात तसंच. तो म्हणाला, "कुठं गेली व? वावरात?" चक्की चालू होती. बाबांनी दारातून त्याला पाहिलं आणि ओरडून काहीतरी म्हटलं, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकूच आलं नाही. दादा हसून कानाला हात लावून म्हणाला, "काय?" बाबा मागं वळले, इंजिन बंद केलं, पिठाचे हात झटकत बाहेर आले. ते म्हणाले, "तुही माय गेली."

"कुठं?"

"गेली, बापा. दिवाळीच्या मागं."

दळणाला आलेल्या बायका आपापले डबे तिथंच सोडून निघून गेल्या. दादा पायरीवर बसला. त्यानं एका बुटाचे बंद सोडले. मग म्हणाला, "अन् पत्र?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलेलं, आला की मी सांगतो, तेवढंच होतं. पुढचं माझं होतं, खाला म्हणाली होती तसं.

तो ओरडला असता तर मला चाललं असतं. तो कुणावरच ओरडला नाही. बाबांना एवढंच म्हणाला, "मी फौजी हाय, बाबा. लहान पोट्टा नाही." बाबा म्हणाले, "माह्यासाठी त हाय." दोन दिवस तो मायच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, खालाकडे जाऊन आला, वावरात जिथं तिला अग्नी दिला होता तिथं जाऊन बसला. तिच्यासाठी आणलेली शाल त्यानं ट्रंकेतून काढलीच नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर दुपारी मी भांडी घासत होते, तेव्हा तो जवळ येऊन उकिडवा बसला. राखेत बोटानं रेघा मारत म्हणाला, "शोभे, त्या पार्सलातलं मायच्या हातचं काही होतं का?"

मी म्हटलं, "लाडू. ताप यायच्या आधी केले होते तिनं."

"अन् चटणी?"

"चटणी मी केली. खालाच्या चुलीवर."

तो रेघा मारायचा थांबला. "पार्सल आलं तवा बर्फ पडून राह्यला होता," तो म्हणाला. "सगळे पोरं भोवती जमा झाले. लाडू मी वाटून टाकले. सारे. एक बी नाही ठेवला मले. चटणी मात्र कोणाले दाखवली नाही. पेटीत कुलुपात होती माह्या. रोज बोटाच्या टोकावर एवढीशी घे मी, चव लागे का नाही काय माहीत, पण घे." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुह्या चिठ्ठीत होतं ना. चटणी माह्या हातची हाय, तूच खाजो. अन् लाडू पोरायले वाट, त्यायलेबी माय हायेत."

ते वाक्य मी लिहिलं होतं. त्याला लाडू आवडत नाहीत, निदान कुणाच्या तोंडी लागतील, आणि माय असंच म्हणाली असती, असं वाटून लिहिलं होतं. मला ते आठवत होतं आणि तो ते पाठ म्हणत होता.

दादा सुट्टी संपायच्या आधीच परत गेला. पुढं त्याची नोकरी पूर्ण झाली, बायको-पोरं झाली, आता तो खामगावला असतो. भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, जेवतो, माझ्या मुलांशी हसून बोलतो. पण त्या दिवसानंतर त्यानं मला कधी पत्र लिहिलं नाही, आणि मी कधी काही करून पाठवलं तर डबा धुऊन परत येतो, कसं झालं होतं ते तो सांगत नाही. बाबा गेले तेव्हा तारेनं कळवलं आणि तो दुसऱ्या दिवशी पोचला. मला जवळ घेऊन म्हणाला, "बरं केलं सांगतलं." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

कित्येक वर्षं मी त्या दुपारचाच विचार करत आले. पाच महिने मी त्याच्याशी खोटं बोलले, एका पानानंतर दुसरं पान, आईचा राग उसना आणून बोलले. त्या दुपारी आणखी एकदा बोलले असते, चटणी मायचीच होती म्हटलं असतं, तर त्याच्याजवळ तिच्या हातचं काहीतरी राहिलं असतं. पण राख हाताला लागलेली, तो समोर बसलेला, आणि मला वाटलं, आता तरी याच्याशी खरं बोलावं.